गोठ्यांतील मूलपेशी आणि मनुष्याचें औषध

पाळीव जनावरांचें मनुष्यावर जें ऋण आहे, तें दूध, लोकर आणि शेतीचीं कामें एवढ्यापुरतेंच नाहीं. वैद्यकाच्या इतिहासांतील दोन मोठे शोध गोठ्याच्या आधारानें लागलेले आहेत. इ. स. १७९६ च्या मे महिन्यांत एडवर्ड जेन्नर ह्या इंग्रज वैद्यानें एका गवळणीच्या हातावरील फोडांतील लस आठ वर्षांच्या एका मुलाला टोंचली. ते फोड तिला गाईपासून झालेले होते. पुढें त्याच मुलाला खऱ्या देवीची लस टोंचली, तरी त्याला देवी आल्या नाहींत. मराठी घरांतून "देवी काढणें" हा शब्दप्रयोग रूढ झाला तो ह्याच शोधामुळें. आणि १९८० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें पृथ्वीवरून देवीचें निर्मूलन झाल्याचें जाहीर केलें, त्याचा उगमही तेथेंच होता.

दुसरा शोध १९२२ सालचा. त्या वर्षीं जानेवारींत कॅनडांतील टोरोंटो येथें मधुमेहानें खंगलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला बैलाच्या स्वादुपिंडापासून काढलेला अर्क टोंचण्यांत आला. पहिली मात्रा म्हणावी तशी लागू पडली नाहीं. परंतु तो अर्क अधिक शुद्ध करून दिल्यावर मुलाची प्रकृति सुधारली. इन्शुलिन तें हेंच. डुकराचें इन्शुलिन ५१ घटकांच्या साखळींत केवळ एका घटकानें व गाईचें तीन घटकांनीं मनुष्याच्या इन्शुलिनाहून भिन्न आहे. म्हणूनच १९८२ सालीं जंतूंकडून तयार करविलेलें मानवी इन्शुलिन बाजारांत येईपर्यंत, साठ वर्षें, जगांतील मधुमेही ह्या जनावरांच्या आधारावर जगले.

ह्या दोन्ही वेळीं जनावराच्या शरीरांतून एखादा तयार पदार्थ घेतला गेला. अलीकडे शास्त्रज्ञांचें लक्ष पदार्थावरून पेशीकडे, आणि तीही भ्रूणांतील अगदीं आरंभींच्या पेशीकडे वळलें आहे. तिला मूलपेशी किंवा स्टेम सेल असें म्हणतात. वर्तमानपत्रांतून आणि जाहिरातींतून हा शब्द इतक्या वेळां कानांवर पडतो कीं, त्याच्या अर्थाविषयीं मात्र कोणी फारशी चौकशी करीत नाहीं. गाय, मेंढी व डुक्कर ह्यांच्या भ्रूणांतील मूलपेशी मनुष्याच्या रोगांवर खरोखरी कितपत उपयोगी पडणार आहेत, आणि त्यांच्या नांवानें जें विकलें जातें त्याची किंमत काय, ह्याचा विचार करण्याची म्हणूनच आवश्यकता आहे.

प्रत्येक प्राण्याचें शरीर एका फलित बीजापासून सुरू होतें. एका पेशीच्या दोन, दोनांच्या चार, चारांच्या आठ अशी वाढ होत होत गाईच्या बाबतींत सातव्या-आठव्या दिवशीं शंभर-दीडशें पेशींची एक पोकळ गोटी तयार होते. ती मिलिमीटरच्या पांचव्या हिश्श्याएवढी असते. म्हणजे सूक्ष्मदर्शकावांचून ती नीट दिसावयाची नाहीं. तिच्या बाहेरच्या थरापासून वार बनते. आंत एका बाजूला पेशींचा एक लहानसा पुंजका चिकटलेला असतो, आणि वासराचें सर्व शरीर, हाडें, कातडें, हृदय, मेंदू, त्या पुंजक्यांतून घडतें.

ह्या पुंजक्यांतील पेशींची अवस्था मळलेल्या कणकेसारखी असते. कणकेच्या गोळ्याची पोळी लाटतां येते, पुरी करतां येते, फळें करून वरणांत सोडतां येतात. पण पुरी एकदां तळली म्हणजे तिची पुन्हां कणीक होत नाहीं. त्याचप्रमाणें हृदयाची पेशी हृदयाचीच राहते व यकृताची यकृताचीच. भ्रूणांतील मूलपेशीपुढें मात्र सर्व वाटा मोकळ्या असतात. तिचा दुसरा गुण विरजणासारखा आहे. चमचाभर विरजणानें पातेलेंभर दहीं लागतें, आणि त्यांतील चमचाभर दुसऱ्या दिवशींच्या दुधाला पुरतें. मूलपेशींचा वंशही एका काचेच्या बशींतून दुसऱ्या बशींत घालून वर्षानुवर्षें चालवितां येतो. परंतु विरजणाकडे दुर्लक्ष झालें तर तें बिघडतें. तसेंच पोषकद्रवांत थोडी चूक झाली तरी ह्या पेशी आपली मूळ अवस्था सोडून कातडीच्या, मज्जेच्या किंवा दुसऱ्याच कसल्या पेशी होऊन बसतात. त्यांना "कांहींच न होतां वाढत राहा" असें पटविणें, हेंच ह्या शास्त्रांतील सर्वांत अवघड काम होय.

लहान उंदराच्या बाबतींत हें काम प्रथम १९८१ सालीं साधलें. केंब्रिज येथें मार्टिन एव्हान्स व मॅथ्यू कॉफमन ह्यांनीं, आणि सॅन फ्रान्सिस्को येथें गेल मार्टिन ह्यांनीं, स्वतंत्रपणें उंदराच्या भ्रूणांतून मूलपेशी वेगळ्या करून त्यांचे वंश चालविले. पुढें बशींत ह्या पेशींचें एखादें जनुक बदलावयाचें आणि त्या पेशींपासून उंदीर जन्मास घालावयाचा, अशी पद्धति निघाली. तिच्यामुळें कोणतें जनुक कोणत्या रोगाला कारण होतें हें शोधणें सोपें झालें, आणि त्याबद्दल एव्हान्स, मारिओ कापेकी व ऑलिव्हर स्मिदीज ह्यांना २००७ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. मनुष्याच्या भ्रूणांतून मूलपेशी मिळविण्याचें श्रेय अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जेम्स थॉमसन ह्यांच्याकडे जातें. तें वर्ष १९९८.

उंदीर झाला, मनुष्य झाला. मग गोठ्यांतील जनावरें कां मागें राहिलीं, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. अनेक प्रयोगशाळांतून डुकराच्या, मेंढीच्या व गाईच्या भ्रूणांवर वर्षानुवर्षें खटपट चालू होती. मूलपेशींसारख्या दिसणाऱ्या पेशी मिळत, कांहीं काळ वाढत, आणि मग आपला गुण गमावीत. ह्याचें एक कारण भ्रूणाच्या जीवनक्रमांतच आहे. उंदराचा भ्रूण चार-पांच दिवसांत गर्भाशयाच्या भिंतींत रुजतो. डुकराचा भ्रूण सुमारें दोन आठवडे गर्भाशयांत मोकळाच असतो. आरंभीं मण्यासारखा गोल असलेला हा जीव त्या मुदतींत सुतासारखा लांबत जाऊन सुमारें एक मीटरपर्यंत पोहोंचतो. ज्यांच्या वाढीचें वेळापत्रक इतकें निराळें, त्यांच्या पेशींना एकच खुराक मानवेल अशी अपेक्षा करणें चुकीचें होतें. उंदराच्या पेशींची पाककृति गाईच्या पेशींपुढें ठेवली गेली आणि ती त्यांना मानवली नाहीं.

ह्या अपयशांतूनच एक जगप्रसिद्ध घटना घडली, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. स्कॉटलंडमध्यें एडिंबरोजवळ रॉझलिन संस्था आहे. मेंढीच्या पेशींतील जनुकें बदलून, मनुष्यास उपयोगी औषध दुधांतून देणाऱ्या मेंढ्या निर्माण कराव्या, असा तेथील शास्त्रज्ञांचा हेतु होता. त्यासाठीं मूलपेशी पाहिजे होत्या, आणि मेंढीच्या मूलपेशी तर हातीं लागत नव्हत्या. तेव्हां इयन विल्मुट व कीथ कॅम्पबेल ह्यांनीं दुसरा मार्ग धरला. बशींत वाढविलेल्या पेशीचें केंद्रक काढून तें, स्वतःचें केंद्रक काढून टाकलेल्या स्त्रीबीजांत बसवावयाचें. अशा रीतीनें १९९५ सालीं भ्रूणाच्या पेशींपासून मेगन व मोरॅग ह्या मेंढ्या, आणि १९९६ च्या जुलैमध्यें पूर्ण वाढलेल्या मेंढीच्या कासेंतील पेशीपासून डॉली जन्मास आली. २७७ प्रयत्नांतून ती एकटीच जगली. पुढच्याच वर्षीं त्याच संस्थेंत जन्मलेल्या पॉली ह्या मेंढीच्या अंगीं, रक्त गोठण्यास लागणाऱ्या एका मानवी घटकाचें जनुक होतें. तो घटक ज्यांच्या रक्तांत नसतो त्यांना जन्मभर रक्तस्रावाची भीति असते.

भारतांतही ह्या दिशेनें एक लक्षणीय प्रयोग झाला. हरियाणांतील कर्नाल येथें राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था आहे. तेथें २०१० च्या ऑगस्टमध्यें म्हशीच्या भ्रूणांतील मूलपेशीचें केंद्रक वापरून एक रेडकूं जन्माला आलें. त्याचें नांव गरिमा-२. गरिमा मोठी झाली आणि २०१३ च्या जानेवारींत तिला महिमा नांवाची पारडी झाली. म्हणजे अशा रीतीनें जन्मलेलें जनावर स्वाभाविकपणें वितें, हेंही दिसून आलें. परंतु एका पेशीपासून एक जनावर निर्माण करणें निराळें आणि तोच पेशीवंश आपला गुण न सोडतां वर्षानुवर्षें टिकविणें निराळें. ही दुसरी गोष्ट अद्याप व्हावयाची होती.

ती २०१८ सालीं झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेंत पाब्लो रॉस व त्यांचे सहकारी ह्यांनीं, साल्क संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या साह्यानें, गाईच्या भ्रूणांपासून स्थिर मूलपेशी मिळविल्या. त्यांच्या पोषकद्रवांत दोन गोष्टींचा मेळ होता: वाढीस उत्तेजन देणारें एक प्रथिन, आणि पेशींना "आतां बदला" असें सांगणारा एक आंतरिक संदेश अडवून धरणारें एक रसायन. चाळीस वर्षांच्या अडचणीचें मर्म ह्या एका अडवणुकींत होतें असें म्हटलें तरी चालेल. पुढच्या वर्षीं ब्रिटन, जर्मनी व चीन येथील शास्त्रज्ञांच्या एका गटानें डुकराच्या अशा मूलपेशी प्रसिद्ध केल्या कीं, ज्यांच्यापासून शरीराच्याच नव्हे, तर वारेच्या पेशीही होऊं शकतात. २०२० सालीं मेंढीच्या मूलपेशी मिळाल्या. आणि २०२१ सालीं ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनीं डुक्कर, मेंढी व गाय ह्या तिघांच्याही पेशी एकाच प्रकारच्या पोषकद्रवावर वाढतात असें दाखविलें.

आतां ह्या पेशींचा मनुष्याला उपयोग कोणता, ह्या मुख्य प्रश्नाकडे वळावयास हरकत नाहीं. पहिला उपयोग कसोटीचा आहे, आणि तो सर्वांत जवळचाही आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेला म्हणजे हृदयाच्या स्नायूचा कांहीं भाग कायमचा मरतो. त्या जागीं मूलपेशींपासून बनविलेल्या नव्या स्नायुपेशी घालाव्या, ही कल्पना उघड आहे. लहान प्राण्यांवरील प्रयोग आशादायक ठरले. २०१४ सालीं अमेरिकेंतील सिअॅटल येथें हाच प्रयोग माकडांवर झाला. नव्या पेशी हृदयांत रुजल्या खऱ्या, परंतु हृदयाचे ठोके अनियमित पडूं लागले. २०१९ सालीं टोरोंटो येथील प्रयोगांत डुकरांच्या हृदयांतही तोच धोका दिसला. उंदरांत तो कां दिसला नाहीं? उंदराचें हृदय मिनिटाला पांचशें-सहाशें वेळां ठोके देतें. नव्या पेशी स्वतःच्या हळू तालावर चालूं लागल्या, तरी त्या घाईंत त्यांचा ताल दबून जातो. डुकराच्या हृदयाचा आकार व गति मनुष्याच्या पुष्कळ जवळ आहे, म्हणून तेथें दोष उघड झाला. दोष दिसला म्हणूनच उपायही शोधतां आला: २०२३ सालीं सिअॅटलच्या शास्त्रज्ञांनीं पेशींच्या चार जनुकांत फेरफार करून त्या डुकरांना दिल्या, तेव्हां ठोके बिघडले नाहींत. उंदरावर विसंबून ही चिकित्सा घाईनें माणसापर्यंत नेली असती, तर तो दोष रुग्णाच्या छातींत प्रकट झाला असता.

ह्या प्रयोगांत मात्र एक उणीव राहते. मनुष्याची पेशी डुकराला दिली कीं त्याचें शरीर तिला परकी समजून नष्ट करूं पाहतें. तें टाळण्यासाठीं जनावराची प्रतिकारशक्ति औषधांनीं जबरदस्त दडपावी लागते, आणि मग पेशी दहा वर्षांनीं कशी वागेल हें समजण्याइतका काळ जनावर निरोगी राहत नाहीं. डुकराच्याच मूलपेशींपासून बनविलेल्या पेशी डुकराला देतां आल्या, तर ती स्थिति एका मनुष्याची पेशी दुसऱ्या मनुष्याला देण्यासारखी होईल. मूलपेशींतील कांहीं पेशी न बदलतां तशाच राहून गेल्या तर त्यांच्यापासून गांठ होते, हा ह्या चिकित्सेंतील मोठा धोका आहे. ती गांठ केव्हां व कोणत्या कारणानें होते, किती पेशी राहिल्या तर होते, हें पाहावयास दीर्घायुषी, मोठ्या शरीराचें जनावर आणि त्याच्याच जातीच्या पेशी, दोन्ही पाहिजेत. गोठ्यांतील मूलपेशींचें महत्त्व येथें आहे.

दुसरा उपयोग अवयवांचा. मूत्रपिंडें निकामी झालेला रुग्ण यंत्रावर रक्त शुद्ध करवून घेत दात्याची वाट पाहतो, आणि पुष्कळांची वाट पाहतां पाहतांच जीवनयात्रा संपते. डुकराचे अवयव आकारानें मनुष्याच्या अवयवांच्या जवळपास असतात. २०२२ च्या जानेवारींत अमेरिकेंतील मेरिलँड विद्यापीठाच्या रुग्णालयांत, दहा जनुकें बदललेल्या डुकराचें हृदय एका रुग्णाला बसविण्यांत आलें. तो सुमारें दोन महिने जगला. त्याच्या शरीरांत डुकराच्या एका विषाणूचा अंशही आढळला. २०२४ च्या मार्चमध्यें बोस्टन येथें ६९ ठिकाणीं जनुकीय बदल केलेल्या डुकराचें मूत्रपिंड एका मनुष्याला बसविलें गेलें. हीं डुकरें डॉलीच्या मार्गानें, साध्या पेशींचें केंद्रक वापरून निर्माण करतात. परंतु साधी पेशी बशींत कांहीं ठराविक वेळां विभागून म्हातारी होते. एकामागून एक असे अनेक बदल करून, प्रत्येक बदल तपासून, निर्दोष तेवढी पेशी पुढें न्यावयाची तर न थकणारी पेशीच पाहिजे. डुकराच्या मूलपेशी ह्या कामीं येतील, अशी आशा आहे.

तिसरा मार्ग सर्वांत धाडसाचा. डुकराच्या शरीरांत मनुष्याचाच अवयव वाढवावयाचा. २०१० सालीं टोकियो विद्यापीठांत हिरोमित्सु नाकाउची व त्यांचे सहकारी ह्यांनीं, ज्याला स्वादुपिंड होऊंच शकत नाहीं अशा छोट्या उंदराच्या भ्रूणांत रॅट ह्या मोठ्या जातीच्या उंदराच्या मूलपेशी सोडल्या. जन्मलेल्या छोट्या उंदराच्या पोटांत रॅटचें स्वादुपिंड तयार झालें. २०१७ सालीं उलट प्रयोग झाला. रॅटच्या शरीरांत वाढलेल्या स्वादुपिंडांतील पेशी मधुमेही उंदरांना दिल्यावर त्यांच्या रक्तांतील साखर वर्षाहून अधिक काळ ताळ्यावर राहिली. त्याच वर्षीं साल्क संस्थेंत डुकराच्या भ्रूणांत मानवी मूलपेशी घालण्यांत आल्या; त्या टिकल्या, पण अत्यल्प. २०२३ सालीं चीनमध्यें ग्वांगझौ येथील शास्त्रज्ञांनीं १,८२० भ्रूण १३ डुकरिणींच्या गर्भाशयांत ठेवले. त्यांतील पांच भ्रूण २८ दिवसांच्या आंत काढून तपासले, तेव्हां त्यांच्या प्राथमिक मूत्रपिंडांतील निम्म्याहून अधिक पेशी मानवी आढळल्या. १,८२० आणि पांच ह्या दोन आंकड्यांवरून हा मार्ग किती लांबचा आहे, हें कळून येईल. येथें मनुष्याची आणि डुकराची पेशी एकाच वयाची, एकाच अवस्थेंतील असावी लागते. आणि ती अवस्था ओळखावयास डुकराच्या मूलपेशींचें ज्ञान हाच आधार आहे.

येथें एक शंका घेतली जाणें रास्त आहे. २००६ सालीं जपानांतील क्योटो येथें शिन्या यामानाका ह्यांनीं साध्या पेशींत चार जनुकें घालून त्यांना पुन्हां मूलपेशींच्या अवस्थेंत नेलें. म्हणजे तळलेल्या पुरीची पुन्हां कणीक केली. त्यांना २०१२ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. मग भ्रूणाची गरजच काय? उत्तर असें कीं, गोठ्यांतील जनावरांच्या बाबतींत अशा उलट फिरविलेल्या पेशी बहुधा बाहेरून घातलेल्या जनुकांच्या टेकूवर उभ्या राहतात. टेकू काढला कीं त्या ढासळतात. खरी मूलपेशी कशी असते हें भ्रूणांतील पेशीवरून ठरतें, आणि बाकीच्या पेशी त्या मापानें मोजाव्या लागतात. शिवाय येथें मानवी भ्रूणाचा नाश करावा लागत नाहीं. संशोधनासाठीं लागणारीं स्त्रीबीजें पुष्कळदां कत्तलखान्यांत टाकून दिल्या जाणाऱ्या अंडाशयांतून मिळतात.

हें सारें आशादायक आहे, पण ह्याच आशेचा व्यापारही फार दिवसांपासून चालत आलेला आहे. १९३१ पासून स्वित्झर्लंडमध्यें पॉल नीहान्स नांवाचा डॉक्टर मेंढीच्या गर्भांतील ताज्या पेशी धनिकांना टोंचीत असे. त्यानें तारुण्य परत येतें, थकलेले अवयव ताजे होतात, अशी त्याची प्रतिज्ञा होती. मोठमोठे लोक त्याच्याकडे गेले, त्याची कीर्ति सर्वत्र पसरली. परंतु त्या टोंचणीनें कोणाचा रोग बरा होतो असें कसोशीच्या प्रयोगांनीं सिद्ध झालें नाहीं. नीहान्स १९७१ सालीं वारला. त्याची पद्धति मात्र वारली नाहीं. २०१४ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्क राज्यांतील कांहीं लोक जर्मनींत जाऊन मेंढीच्या गर्भपेशी टोंचून आले. त्यांच्यापैकीं पांच जणांना क्यू ज्वर जडला. हा रोग गाभण मेंढ्यांपासून मनुष्याला होतो. तारुण्य आणावयास गेलेले लोक ताप घेऊन परतले.

कोंकराची तीच गर्भपेशी एकीकडे शास्त्रज्ञाच्या बशींत आहे व दुसरीकडे अशा पिचकारींत. दोहोंतील फरक पेशींत नाहीं, परीक्षेंत आहे. मेंढीची पेशी मनुष्याच्या शरीरांत शिरली तर ती तेथें घर करून राहत नाहीं. शरीर तिला परकी ओळखून मारतें. राहतो तो केवळ तिच्याबरोबर आलेला जंतु किंवा तिच्या प्रथिनांनीं उसळलेला विकार. म्हणूनच कोणताही जबाबदार शास्त्रज्ञ गाई-मेंढ्यांच्या मूलपेशी रुग्णाला टोंचा असें म्हणत नाहीं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०१७ सालीं दिलेल्या मार्गदर्शक नियमांतही, रक्ताच्या विकारांवर रक्तोत्पादक मूलपेशींचें जें रोपण होतें तेवढेंच मान्य उपचार म्हणून गणलेलें आहे; बाकीचे प्रयोग संमतीनें, देखरेखीखालीं आणि प्रयोग म्हणूनच झाले पाहिजेत, असा त्यांचा आशय आहे.

खऱ्या परीक्षेचें फळ कसें असतें, ह्याचें उदाहरणही देतां येईल. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अहवालांत, मानवी मूलपेशींपासून बनविलेल्या इन्शुलिन देणाऱ्या पेशी बालपणापासूनच्या जातीचा मधुमेह असलेल्या १२ रुग्णांना पूर्ण मात्रेंत दिल्याची हकीकत आहे. वर्षानंतर त्यांतील १० जणांना इन्शुलिन टोंचून घेण्याची गरज उरली नव्हती. मात्र त्यांना प्रतिकारशक्ति दडपणारीं औषधें घ्यावीं लागतात, हेंही त्याच अहवालांत नमूद आहे. रुग्णांची संख्या सांगितलेली आहे, मुदत सांगितलेली आहे, उणीव लपविलेली नाहीं. १९२२ सालच्या त्या बैलाच्या अर्कापासून येथवर यावयास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं.

नीतीचा प्रश्नही टाळतां येण्यासारखा नाहीं. ग्वांगझौच्या प्रयोगांत थोड्या मानवी पेशी डुकराच्या भ्रूणाच्या मेंदूंत व मज्जारज्जूंतही गेलेल्या आढळल्या. मूत्रपिंड मानवी असलेलें डुक्कर हें डुक्करच राहील. परंतु ज्याच्या मेंदूंत मानवी पेशींचा भरणा झाला त्याला काय म्हणावें आणि त्याच्याशीं कसें वागावें, ह्याचें उत्तर कोणापाशीं तयार नाहीं. म्हणून मेंदूकडे जाण्याचा मार्ग मानवी पेशींना जनुकांतच बंद करून ठेवावा, असा प्रयत्न शास्त्रज्ञ करीत आहेत, आणि तो साधल्यावांचून असा भ्रूण पूर्ण दिवसांचा होऊं देऊं नये, हें मत योग्य दिसतें. दुसरी बाजू जनावराची. अवयवासाठीं वाढविलेल्या डुकराला रोगजंतूंपासून दूर ठेवावयाचें म्हणून बंदिस्त, निर्जंतुक जागेंत जन्म काढावा लागतो. भूतदया मानणाऱ्या समाजाला हें सलणारच. तेंही सोसून घ्यावयाचें तर त्याबदल्यांत रुग्णाला मिळणारा लाभ खरा असला पाहिजे. खोट्या औषधासाठीं जनावराला असे हाल भोगावयास लावणें हा दुहेरी अपराध ठरेल.

ज्या घरांत असाध्य दुखण्याचा रुग्ण आहे, तेथें "मूलपेशी" हा शब्द मोठी आशा घेऊन येतो. तिला धुडकावून लावण्याचें कारण नाहीं. पण ती घेऊन येणाऱ्याला कांहीं प्रश्न अवश्य विचारावे. ह्या पेशी कोणाच्या आहेत, मनुष्याच्या कीं जनावराच्या? मोठ्या जनावरांवर त्यांची परीक्षा झाली काय, आणि ती किती वर्षें चालली? किती रुग्णांना त्या दिल्या, किती जणांना गुण आला व किती जणांना अपाय झाला? हा मान्य उपचार आहे कीं प्रयोग. आणि प्रयोग असेल तर रुग्णाकडून पैसे कां मागितले जात आहेत? प्रामाणिक संशोधक ह्या प्रश्नांनीं रागावत नाहीं, कारण प्रयोगशाळेंत तो स्वतःला तेच प्रश्न रोज विचारीत असतो. ज्याला राग येईल, त्याच्या दारावरून रुग्णाला परत घरीं आणावें.